आवाजाचे आकडे आणि आपला महादेवपुरा परिसर

बंगळुरातील मराठी माणसाने इतिहासावर लिहावयाचे ठरविले, की त्याची लेखणी आपोआप शहाजीराजांकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून हे नगर घेतले, पुढे ते शहाजीराजांना जहागिरीत मिळाले, आणि तेव्हापासून मराठी भाषेचा या नगरीत वावर आहे. आपल्या मंडळाच्या स्मरणिकांतून या विषयावर पुष्कळ लिहून झाले आहे. म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकासाठी संपादकांनी मजकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा अगदी अलीकडचा आणि अगदी शेजारचा असा एक इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे मनाने घेतले. आवाजाचे आकडे कसे झाले, आणि आपण सुटीत गावी जाताना मोटारीत जे गाणे ऐकतो त्यात ते आकडे काय कामगिरी करतात, याचा हा इतिहास. त्यातील बराचसा भाग आपल्या घरापासून चार-सहा किलोमीटरांच्या आत घडला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकही नसेल.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. विजेच्या मंडलांविषयी त्याने अधिकारवाणीने बोलू नये हे खरे. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत सारी हयात बेरजा-वजाबाक्यांत गेल्यामुळे आकड्यांची भीती उरलेली नाही. आणि या विषयाच्या मुळाशी गुणाकार व बेरीज यांपलीकडे फारसे काही नाही, असे दिसून आले.

पन्नास वर्षांपूर्वी महादेवपुरा म्हणजे व्हाइटफील्डच्या वाटेवरील एक खेडे होते. तलाव, नाचणीची शेते आणि रस्त्याच्या कडेला पॉवर टिलर बनविणारा व्ही. एस. टी.चा कारखाना. २००७ साली महादेवपुऱ्याची नगरपालिका महानगरपालिकेत विलीन झाली आणि मार्च २०२३ मध्ये येथून व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो धावू लागली. मधल्या काळात काचेच्या इमारती किती उभ्या राहिल्या, हे कोणी सांगावयास नको. परंतु आवाजाच्या इतिहासाचा आरंभ या इमारतींत होत नाही. तो कृष्णराजपुरमच्या रेल्वेमार्गापलीकडे, जुन्या मद्रास रस्त्यावरील दूरवाणीनगरात होतो.

'दूरवाणी' हा कानडी शब्द. आपण मराठीत 'दूरध्वनी' म्हणतो. १९४८ साली येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना स्थापन झाला; स्वतंत्र भारतातील सार्वजनिक क्षेत्राचा तो पहिला उद्योग मानला जातो. घराघरांतील काळे, जड, तबकडीचे टेलिफोन येथे तयार झाले, आणि ते एकमेकांस जोडणारी खटखट आवाज करणारी स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजेसही. मंडळाच्या जुन्या सभासदांत या कारखान्यातील नोकरदारांची संख्या लक्षणीय होती. आज दूरवाणीनगरात पूर्वीची गजबज नाही. भोंग्यावर घड्याळ लावणारी ती पिढी निवृत्त होऊन विखुरली, हे पाहून वाईट वाटते.

टेलिफोनने माणसाच्या आवाजाशी एक तडजोड केली होती, ती येथे समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा विचार तीवर उभा आहे. मनुष्याचा कान तरुणपणी सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. टेलिफोनच्या तारेतून मात्र ३०० ते ३,४०० कंपनांचाच पट्टा पाठविण्याचा दंडक पडला. तारा महाग होत्या. एकाच तारेवरून जितकी अधिक संभाषणे जातील तितके खात्यास बरे. बाजारभाव कळला, तब्येतीची चौकशी झाली, की टेलिफोनचे काम झाले. बोलणाऱ्याची ओळख पटत असे, वाक्यही समजत असे, परंतु 'स' आणि 'श' यांतील भेद पुसट होई. याचे कारण असे, की 'स'च्या सीत्काराची बहुतेक शक्ती ४,००० कंपनांच्या वर असते, आणि ती तारेत शिरतच नसे. जुन्या ट्रंक कॉलवर नाव सांगताना 'सांगलीतला स' असे ओरडून सांगावे लागे, ते उगाच नव्हे.

हाच तोकडा आवाज प्रथम आकड्यांत उतरला. अलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने १९३७ च्या सुमारास पॅरिसमध्ये काम करीत असताना कल्पना मांडली, की आवाजाची लहर जशीच्या तशी पाठविण्याऐवजी ठराविक क्षणांनी तिची उंची मोजावी आणि ती मापे पाठवावीत. नदीकाठच्या मोजपट्टीवर दर तासाला पाण्याची पातळी लिहून ठेवावी, आणि त्या वहीवरून पुढे कोणी पुराचा आलेख काढावा, तसाच हा प्रकार. टेलिफोनसाठी सेकंदाला ८,००० मापे पुरतात असे ठरले. अट एवढीच, की ज्या सर्वांत जलद कंपनाची नोंद घ्यावयाची, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे. रीव्हजच्या काळी हे करण्याजोगी स्वस्त साधने नव्हती; ट्रान्झिस्टर आल्यानंतर, १९६० च्या दशकात, ही पद्धत प्रत्यक्ष व्यवहारात आली.

आपल्याकडे तिचा खरा प्रसार झाला तो १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेमुळे. दिल्ली व बंगळूर येथे तिचे काम चाले. खेड्यातील धूळ आणि उकाडा सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे लहान अंकीय एक्स्चेंज तिच्या तरुण अभियंत्यांनी तयार केले. त्यांतील पहिले १९८६ साली बसविले गेले ते कित्तूरला. गावी जाताना धारवाड मागे टाकून बेळगावकडे निघाले की वाटेत हे राणी चन्नम्मांचे कित्तूर लागते. मुलांना किल्ला दाखविण्यास आपण थांबतो. कर्नाटकातील एका लहान गावात मनुष्याचा आवाज आकडे होऊन धावू लागला तो येथे, हेही त्यांना सांगण्यासारखे आहे.

संगीताला अर्थातच टेलिफोनचे माप पुरणारे नव्हते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मापे घेण्याचे ठरले. हा आकडा असा विचित्र का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. त्याचे उत्तर मौजेचे आहे. त्या काळी इतकी मापे साठविण्याचे सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ टेप. तिच्यावरील चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन मापे बसत. अशा २४५ रेषा, आणि सेकंदाला ६० वेळा. तीन गुणिले २४५ गुणिले ६० म्हणजे बरोबर ४४,१००. टीव्हीच्या रेषांनी गाण्याचे माप ठरविले आणि ते आजतागायत चालू आहे. सरकारी कार्यालयांत असे नियम मी बरेच पाहिले आहेत.

आवाजाचे आकडे झाले, की त्यांच्यावर हिशेब करता येतो. यालाच डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे संदेशाचे अंकीय संस्करण, असे भारदस्त नाव आहे. व्यवहारात त्यास 'डीएसपी' म्हणतात. शेजारच्या एका अभियंत्याने मला ते पावसाच्या उदाहरणाने समजाविले. रोजच्या पावसाचे आकडे चढउताराचे असतात. त्याऐवजी दर दिवशी मागील सात दिवसांची सरासरी लिहिली, तर किरकोळ चढउतार नाहीसे होतात आणि ऋतूची संथ लाट तेवढी दिसते. आवाजाच्या मापांवर हीच क्रिया केली, की जलद कंपने गळतात, खर्ज उरतो. प्रत्येक दिवसाला सारखे महत्त्व न देता कमी-अधिक वजन दिले, तर हवा तो पट्टा ठेवता येतो, नको तो काढता येतो. प्रत्येक मापाला त्याच्या वजनाने गुणावे आणि सर्वांची बेरीज घ्यावी. झाले.

कष्ट आहेत ते वेगाचे. शंभर वजनांची एक चाळणी चालवावयाची तर एका कानासाठी सेकंदाला ४४ लाख १० हजार गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९७८ साली मुलांना शब्दलेखन शिकविणारे बोलके खेळणे काढले, आणि १९८२ साली खास अशा हिशेबासाठीच रचलेली टीएमएस ३२०१० ही चिप जाहीर केली. तिची कुवत सेकंदाला सुमारे ५० लाख आज्ञांची; एका गुणाकार-बेरजेस दोन आज्ञा लागत. म्हणजे वर सांगितलेल्या एका चाळणीलाही ती अपुरी पडे. आज मोटारीत बसणाऱ्या चिपा अशा कितीतरी चाळण्या एकाच वेळी लीलया चालवितात.

याच कंपनीने १९८५ साली बंगळुरात आपले केंद्र उघडले. परदेशी कंपन्यांची संशोधन केंद्रे आज गल्लोगल्ली दिसतात. त्या वेळी ही नवलाची गोष्ट होती. पुढे हे केंद्र सी. व्ही. रामन नगरातील बागमने टेक पार्कमध्ये, आपल्या पश्चिमेच्या शेजारी, आले. १९९८ साली येथील अभियंत्यांनी संपूर्ण आराखडा भारतात केलेला पहिला डीएसपी सिद्ध केला आणि त्यास 'अंकुर' हे नाव दिले. अंकुर गाण्यासाठी नव्हता. यंत्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या चिपांच्या कुळातील तो होता. तरी गुणाकार-बेरजेची ती अवघड विद्या या शहरात रुजल्याची ती खूण होती, असे मी मानतो. नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते.

याच संदर्भात परमुलखात वाढलेल्या आणखी एका माणसाचे स्मरण केले पाहिजे. सुहास पाटील यांचा जन्म १९४४ साली जमशेदपूरला झाला. खरगपूरच्या आय.आय.टी.तून ते अमेरिकेत एम.आय.टी.स गेले, तेथे डॉक्टरेट मिळविली, काही वर्षे यूटा विद्यापीठात शिकविले, आणि १९८१ साली स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे सिरस लॉजिक या नावाने प्रसिद्धीस आली. १९९१ साली तिने टेक्सासमधील क्रिस्टल सेमीकंडक्टर ही कंपनी घेतली. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिपा ही क्रिस्टलची खासियत होती. गाणे ऐकविणाऱ्या अनेक उपकरणांत या घराण्याच्या चिपा आहेत. टाटांच्या पोलादनगरीत जन्मलेल्या पाटलांचे हे कर्तृत्व मराठी मंडळांच्या व्यासपीठांवरून फारसे सांगितले जात नाही.

आता मोटारीकडे वळू. मोटारीत रेडिओ आला तो १९३० च्या सुमारास अमेरिकेत. 'मोटोरोला' हे नाव त्यातूनच आले. आपल्याकडे अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात मोटारीतील रेडिओ हे श्रीमंतीचे लक्षण होते. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ती पद्धत संपली. मग मारुतीचे आणि कॅसेटचे दिवस आले. पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन ऐकत घाट चढलेली कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. २००१ साली देशातील पहिले खाजगी एफ.एम. केंद्र बंगळुरातच सुरू झाले. आणि आज हर्मन कंपनीच्या मोटारीतील ध्वनियंत्रणा चाकणला तयार होतात. महिंद्रांनी २०२४ च्या अखेरीस चाकणच्याच कारखान्यातून आणलेल्या विजेच्या मोटारींत सोळा स्पीकरांची योजना आहे. या सोळांना कोणता सूर कोणी, केव्हा आणि किती वाजवावा हे सांगणारा जो मुकादम असतो, तो डीएसपी.

मुकादमाची गरज का पडावी? मोटार ही गाणे ऐकण्यास जवळजवळ सर्वांत वाईट जागा आहे म्हणून. मैफलीत आपण कलावंतांच्या समोर, मध्यावर बसतो. मोटार चालविणारा उजव्या स्पीकरला चिकटून बसलेला असतो. तबल्याच्या कडेला मांडी ठोकून बसलेल्या श्रोत्यासारखी त्याची अवस्था होते. उजवा स्पीकर त्याच्या कानापासून समजा ८० सेंटिमीटर, डावा १४० सेंटिमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून डावीकडचा सूर पावणेदोन सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्याने काय होते, असे वाटेल. परंतु दोन सारखे आवाज थोड्या अंतराने आले तर आधी आलेल्या दिशेकडूनच सारे येत आहे असे मेंदू धरून चालतो, हे १९४९ साली हास या जर्मन संशोधकाने दाखविले. म्हणून सारी मैफल उजव्या दारात कोंबल्यासारखी भासते. डीएसपी यावर साधा उपाय करतो. उजव्या स्पीकरची मापे ७७ घरे मागे ठेवतो. ४४,१०० च्या हिशेबाने ७७ मापे म्हणजे तेच पावणेदोन सहस्रांश. दोन्ही सूर एकदम पोहोचतात आणि गायक उठून समोर, काचेच्या मध्यावर, येऊन बसतो. प्रथम हे ऐकले तेव्हा मला वडिलांच्या मोठ्या रेडिओसमोर बसल्यासारखे वाटले. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना मात्र मैफल आता त्यांच्या डाव्या दारात गेल्यासारखी भासते. तो उपाय अजून निघालेला नाही.

दुसरी अडचण काच, पत्रा आणि गाद्यांची. काचेवरून तार स्वर आदळून परततात, गाद्या ते गिळतात, आणि बंद डब्यात खर्ज आपोआप फुगतो. दुकानदार चालकाच्या डोक्याच्या जागी मायक्रोफोन ठेवतो, पावसाच्या सरीसारखा एक आवाज वाजवितो, आणि कोणता पट्टा फुगला, कोणता खचला याचा आलेख पडद्यावर पाहतो. फुगलेला दाबावयाचा, खचलेला थोडा उचलावयाचा. काळजीपूर्वक केले तर हे काम दोन-तीन तासांचे आहे.

येथे माझे दुकानदारांशी आणि, स्पष्टच लिहितो, आपल्या तरुण मंडळींशी दुमत आहे. जे. सी. रोडवर मोटारीची सजावट करणाऱ्या दुकानांची रांग आहे. तेथे ध्वनियंत्रणा सुधारून मागितली की पहिला प्रश्न येतो, वूफर किती इंची घालू? मोटारीच्या पाठीमागून निघणारा धडधडाट म्हणजेच सुधारणा, अशी समजूत रूढ झाली आहे. यंत्रावर 'रॉक', 'जाझ', 'पॉप' असे तयार पर्याय दिलेले असतात. भावगीत, अभंग किंवा कीर्तन यांच्या वाटेस एकही नाही. तुमकूर ओलांडल्यावर टायरांची घरघर सुरू होते. ती मुख्यतः खालच्या पट्ट्यातील असते, आणि मोठा खर्ज वरच्या नाजूक ध्वनींना झाकून टाकतो हा कानाचा स्वभावच आहे. त्यावर आणखी खर्ज चढविला, की ठेका उरतो आणि शब्द बुडतो.

आपल्या गाण्यात शब्द बुडून चालत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'चे प्रसारण सुरू झाले आणि वर्षभरात छप्पन्न गीते सादर झाली. मध्यम लहरींवरचा तो आवाज आजच्या मानाने तोकडाच होता, तरी श्रोत्यांना अक्षरन् अक्षर कळत असे. कारण गाणाराने शब्दाला जपले होते आणि घरात टायरांची घरघर नव्हती. आज आपली येथे जन्मलेली मुले मराठी ऐकतात ती बहुधा आजीच्या फोनवर आणि गावच्या प्रवासात, मोटारीच्या स्पीकरांतून.

आणि मराठीचे काही मर्म केवळ कानानेच कळते. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांचा आरंभ एकाच अक्षराने होतो, उच्चार मात्र वेगळा. विश्व या अर्थाचे 'जग' आणि 'सुखाने जग' यातले 'जग' लिहिण्यात तंतोतंत सारखे. बोलून दाखविल्याखेरीज भेद समजणार नाही. आपली लिपी हा भेद दाखवीत नाही. कानडी शाळेत वा इंग्रजी शाळेत तो कोणी सांगणार नाही. आणि या दोन 'च'कारांना वेगळे करणारी सीत्काराची धार नेमकी त्याच उंच पट्ट्यात असते, जो पूर्वी टेलिफोनने कापला होता आणि आज वूफर झाकून टाकतो. म्हणून मी आमच्या मोटारीचे यंत्र लावून घेताना दुकानदारास आधी गाणे न लावता कथाकथन लावावयास सांगितले. फुगलेला खर्ज उतरविला, शब्द ओळखू येतात तो हजार ते चार हजार कंपनांचा पट्टा किंचित उचलला, आणि वरचा सीत्कार मोकळा ठेवला. त्यास ते फिके वाटले. हुबळीपर्यंत माझ्या नातवंडाने तीन वेळा 'म्हणजे काय?' असे विचारले, त्यावरून शब्द पोहोचत होते एवढे सिद्ध झाले.

अर्थात जे ध्वनिमुद्रणातच नाही ते कोणताही हिशेब निर्माण करू शकत नाही. आणि जे आहे ते हिशेबाच्या भरात गमावले मात्र जाऊ शकते. याचा प्रत्यय मंडळाच्या कपाटातील कॅसेटींच्या बाबतीत आला. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील गणेशोत्सवाची नाटके आणि नाट्यगीते त्यांवर आहेत. त्यांतील कित्येक आवाजांचे धनी आज हयात नाहीत. तरुण सभासदांनी हौसेने त्यांचे अंकीय रूपांतर सुरू केले आणि कॅसेटची ती सततची 'सूं' काढून टाकणारा प्रोग्राम चालविला. 'सूं' गेली, परंतु तिच्याबरोबर संवादांतील 'स', 'श' आणि 'च' यांची धारही गेली. दोन्ही एकाच पट्ट्यात राहतात. जणू सारे कलावंत ट्रंक कॉलवरून बोलत होते. ही गोष्ट त्या तरुणांच्याच ध्यानात आली, हे त्यांचे श्रेय. आता प्रत्येक कॅसेटची एक प्रत कोणतेही संस्करण न करता जशीच्या तशी ठेवावी आणि साफ केलेली प्रत वेगळी काढावी, असे कार्यकारिणीने ठरविले आहे. अजून दोन खोकी शिल्लक आहेत आणि काही फिती एकमेकींस चिकटू लागल्या आहेत. ज्या सभासदांकडे चालू स्थितीतील चांगला कॅसेट डेक असेल, त्यांनी तो काही आठवड्यांपुरता मंडळास द्यावा आणि चिटणीसांकडे नाव नोंदवावे, ही विनंती.